स्थिर पाणी, हलते पाणी: जलाशयांच्या पातळीचे शास्त्र आणि राजकारण

जुलैमध्ये खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सुरू झाल्याची बातमी येते, तेव्हा वरच्या अंगाची पानशेत आणि वरसगाव ही धरणे बहुधा अर्धीमुर्धीच भरलेली असतात. एप्रिल-मे महिन्यांत पाहावे तर पानशेतच्या काठावर तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो आणि पाण्याची रेघ रोज थोडी खाली सरकत असते. खडकवासला मात्र तेव्हाही पाणी राखून असतो. खोरे एक, पाऊस एक, तहानलेले शहरही एकच. तरीही एका जलाशयाची पातळी वर्षभर ठरावीक पट्ट्यात खेळते आणि दुसऱ्याची कित्येक मीटर खाली जाते.

कारण पाण्याच्या हिशोबात सापडते. खडकवासल्याची उपयुक्त साठवण जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. टेमघर, वरसगाव आणि पानशेत धरून साखळीची एकूण साठवण एकोणतीस टीएमसीच्या आसपास जाते. कालव्याचे तोंड आणि पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा उपसा खडकवासल्यावर आहे. कालव्यात पाणी चढायचे तर तिथली पातळी एका मर्यादेखाली जाऊन चालत नाही. म्हणून ती उतरू लागली की वरच्या धरणांतून पाणी सोडून भरपाई केली जाते. खडकवासल्याचे स्थैर्य त्याचे स्वतःचे नाही, ते पानशेत-वरसगावने आपली पातळी उतरवून दिलेले आहे.

प्रस्तुत पुस्तक याच सूत्राभोवती उभे आहे. नदीच्या वाहण्यातला चढउतार कोणत्याही धरणाला नाहीसा करता येत नाही. तो एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवता येतो, एवढेच. एखादे तळे बारा महिने काठोकाठ दिसत असेल, तर त्याच्या वाट्याची घट दुसऱ्या कोणत्या तरी जलाशयाने, नदीपात्राने किंवा माणसांच्या समूहाने सोसलेली असते. ती कोणी सोसायची हे ठरवताना अभियांत्रिकी, कायदा आणि राजकारण एकमेकांत इतके मिसळतात की त्यांना वेगळे काढून या विषयाकडे पाहता येत नाही.

नव्या वाचकासाठी आधी मूळ गणित. जलाशयाची पातळी दोन गोष्टींनी ठरते: आत येणारा येवा आणि बाहेर जाणारे पाणी. बाहेर जाणाऱ्या पाण्यात कालवा, वीजगृह, शहराचा उपसा, सांडवा, पाझर आणि बाष्पीभवन हे सगळे आले. महाराष्ट्रात पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि मागणी बारा महिने राहते. त्यामुळे इथल्या साठवण धरणाने ऑक्टोबरमध्ये भरलेले असणे आणि जूनमध्ये रिकामे असणे हा दोष नाही, ते बांधलेच त्यासाठी जाते. वर्षभर भरलेले साठवण धरण म्हणजे न वापरलेले धरण.

यात जमिनीचा आकार भर घालतो. साठा आणि पातळी सरळ प्रमाणात चालत नाहीत. खोल, अरुंद दरीतून दहा टीएमसी पाणी काढले तर पातळी धाडकन उतरते. बशीसारख्या पसरट खोऱ्यातून तेवढेच काढले तर ती थोडी उतरते, पण काठ मात्र मैलभर मागे सरकतो. कोयना आणि जायकवाडी यांची एकूण साठवण साधारण सारखी, दोन्ही शंभर टीएमसीच्या थोडी वर. कोयनेचा शिवसागर सह्याद्रीच्या दऱ्यांत शिरलेला आहे, तर जायकवाडीचा नाथसागर पैठणच्या सपाटीवर पसरलेला. पसरट, उघड्या पाण्यावर मराठवाड्याचे ऊन पडते आणि तिथे कोणी थेंबही न वापरता पातळी उतरत राहते. म्हणूनच धरणांचे टक्केवारीचे रोजचे तक्ते वाचताना त्यामागचा भूगोल ठाऊक असावा लागतो. चाळीस टक्के साठा दोन धरणांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

स्थिर पातळीची कारणे यापेक्षा विविध आहेत. काही ठिकाणी बांधकामच ती राखते. गोव्यातल्या साळावली धरणाच्या डकबिल सांडव्याला दरवाजे नाहीत; पाणी माथ्याला टेकले की आपोआप गोल विहिरीत कोसळते, म्हणून भर पावसाळ्यात तिथली पातळी सांडव्याच्या माथ्याशी रेंगाळते. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबाने उघडतात आणि मिटतात. त्यातले किती उघडले हे कोल्हापूरकर दर पावसाळ्यात पंचगंगेच्या पातळीइतक्याच काळजीने ऐकतात. काही ठिकाणी कामाची गरज पातळी बांधून टाकते. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा हे कालवे निघतात. त्यांना पाणी चढावे म्हणून तिथे उंची राखावी लागते आणि ती राखण्यासाठी दारणेसारखी वरची धरणे रिकामी होत जातात. पनामा कालव्यातल्या गातून तळ्यावर तर जहाजांचा तळ टेकू न देण्याची जबाबदारी आहे. २०२३ मध्ये पाऊस हटला, तेव्हा तिथे रोजच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली, कारण प्रत्येक जहाज पार करताना तळ्यातले गोडे पाणी समुद्रात जाते.

या विषयाचे सर्वात ठसठशीत उदाहरण अमेरिकेच्या कोलोरॅडो नदीवर आहे. हूव्हर धरणामागचे लेक मीड २००० च्या सुमारास जवळपास भरलेले होते. जुलै २०२२ मध्ये त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १,०४० फुटांवर आली, म्हणजे दीडशे फुटांहून जास्त घसरण. खडकांवर उमटलेला पांढरा क्षारांचा पट्टा जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापला. त्याच नदीवर खाली पार्कर धरणामागे लेक हवासू आहे. दुष्काळाच्या त्याच वर्षांत त्याची पातळी काही फुटांच्या पट्ट्याबाहेर गेली नाही. लॉस एंजेलिसकडे आणि अॅरिझोनाच्या शहरांकडे जाणारे पाणी हवासूतून पंपांनी उचलले जाते आणि पंपांच्या तोंडाशी पाणी असलेच पाहिजे. मीडने घसरण पत्करली म्हणून हवासूच्या काठावरचे नौकाविहार चालू राहिले. खडकवासला आणि पानशेत यांचे नाते इथे अवाढव्य प्रमाणात दिसते.

पातळी सांभाळण्याची विद्या धरणांच्या अभियांत्रिकीपेक्षा जुनी आहे. श्रीलंकेतल्या प्राचीन तलावांत ‘बिसोकोटुव’ नावाची दगडी हौदासारखी रचना असे. भरावाला धोका न पोचवता खोल पाणी शिस्तीत बाहेर काढण्याची सोय त्या काळात झाली होती. विदर्भातल्या भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने घडवलेली आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखली गेलेली तळी भातासाठी होती. ती कधी आणि किती उतरवायची हे गावाच्या पिकावर ठरे. तळ्यांच्या साखळीत वरचे भरले की पाणी खालच्यात उतरे. म्हणजे चढउतार वाटून घेण्याची कल्पना नवी नाही, गणिताने ती पुढच्या काळात काटेकोर केली.

त्या गणिताची सुरुवात १८८३ मध्ये रिप्पल या अभियंत्याच्या आलेखापासून धरतात. नदीचा येवा वर्षानुवर्षे बेरीज करत कागदावर मांडायचा, त्याच्याशेजारी मागणीची रेषा ओढायची आणि दोघांतले सर्वात मोठे अंतर मोजायचे. तेवढी साठवण हवी. पद्धत इतकी सोपी होती की अनेक पिढ्यांनी ती वापरली. तिच्यात गृहीत धरलेले असे की मागची वर्षे जशी गेली तशीच पुढची जातील. हॅरॉल्ड हर्स्ट यांनी नाईलच्या पाण्याच्या प्रदीर्घ नोंदी अभ्यासून १९५१ मध्ये त्या गृहीताला धक्का दिला. कोरडी वर्षे कोरड्यांच्या मागे आणि ओली ओल्यांच्या मागे अशी झुंडीने येतात आणि ही झुंड अपेक्षेहून लांब चालते, असे त्यांना आढळले. एका वर्षाची तूट भरून काढणारे धरण आणि अनेक वर्षांची तूट पचवणारे धरण यांतला फरक त्यातून स्पष्ट झाला. आस्वानचे जुने धरण १९०२ चे. ते पुराचे गढूळ पाणी दरवाज्यांतून जाऊ देई आणि पूर ओसरताना भरून घेई. १९७० मध्ये पूर्ण झालेले उंच धरण दुसऱ्या प्रकारचे, अनेक वर्षांचा साठा धरून ठेवणारे. एकाच नदीवर, काही किलोमीटरच्या अंतरात, पातळी हाताळण्याचे दोन संप्रदाय उभे आहेत.

मधल्या काळात पुण्याजवळ एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे बसले. भिंत न वाढवता पातळी उंच राखायची आणि पूर आला की माणसाची वाट न पाहता दरवाज्यांनी स्वतः उघडायचे, असा तो विचार होता. पातळी ही भिंतीच्या उंचीने एकदाच ठरणारी बाब न राहता रोज हाताळता येणारी बाब झाली. मुंबई इलाख्यातल्या या कामाचे मोल मराठीत आजवर फार थोड्यांनी लिहिले आहे. त्याला या पुस्तकात मिळालेली जागा योग्यच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून विचारप्रवाह फुटत गेले. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाने एकाच धरणाकडून पूरनियंत्रण, नौकानयन आणि वीज ही तिन्ही कामे करून घ्यायचे ठरवले. ही कामे एकमेकांच्या विरोधात जातात: पुरासाठी धरण रिकामे हवे, विजेसाठी पाण्याची उंची हवी. या तडजोडीचे महिनावार वेळापत्रक म्हणजे परिचालन सूची, कोणत्या तारखेला पातळी किती असावी हे सांगणारी. जॉन लिटल यांनी १९५५ मध्ये जलविद्युत साठ्याच्या वापराचा प्रश्न टप्प्याटप्प्याने निर्णय घेण्याच्या गणिती पद्धतीने मांडला, तर हार्वर्डच्या अभ्यासगटाने १९६२ च्या ग्रंथात अर्थशास्त्र आणि जलशास्त्र एकत्र आणले. इष्टतम उत्तर शोधणारा हा प्रवाह संगणकाबरोबर बळावला.

दुसरा प्रवाह गाळाचा. चीनमधले सानमेनशिया धरण १९६० मध्ये पूर्ण झाले आणि पीत नदीच्या गाळाने काही वर्षांतच इतके भरले की त्याची रचना आणि चालवण्याची रीत दोन्ही बदलावी लागली. त्या धड्यातून गढूळ पाणी जाऊ द्या, निवळ पाणी साठवा, हे सूत्र आले. यांगत्सेवरचे थ्री गॉर्जेस पावसाळ्यापूर्वी १४५ मीटरपर्यंत उतरवले जाते आणि पूर ओसरल्यावर १७५ मीटरपर्यंत चढवले जाते. तीस मीटरचा हा चढउतार दर वर्षी, ठरवून होतो.

तिसरा प्रवाह परिसरशास्त्राचा. नदीची चढती-उतरती लय हीच मासे, पक्षी आणि काठावरच्या वनस्पतींची जीवनलय असते, असे तो सांगतो. या दृष्टीने कायम स्थिर तळेही संशयास्पद ठरते. तरी वास्तव एकेरी नाही. नांदूर मध्यमेश्वरला राखलेली पातळी आणि साचलेला गाळ यांतून दलदल तयार झाली, पक्षी आले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ मात्र पाणी उतरून चिखलाचे पट्टे उघडे पडतात तेव्हा रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. एकीकडे स्थैर्याने पाणथळ घडवली, दुसरीकडे उताराने.

उजनीवर थोडे थांबायला हवे, कारण पातळीचा सगळा गुंता तिथे एकवटला आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी अचल. म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी कागदोपत्री वापरायचे नाही. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्याखाली जाते, आणि सोलापूर जिल्ह्यात ‘उजनी उणे’ ही बातमी उन्हाळ्याची खूण झाली आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला. कालव्याला पाणी जाणे थांबते, तरी काठावरचे कृषिपंप चालू राहतात आणि सोलापूरच्या पिण्यासाठी भीमेच्या पात्रातून पाणी सोडले जाते. ऊस किती, पिण्याचे किती, आवर्तने किती, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते, तेव्हा पाहायला येणारी गर्दी त्या वर्षीच्या सर्व निर्णयांची बेरीजच पाहत असते.

जायकवाडीचा प्रश्न कायद्याने हाताळला गेला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. पुढे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, अशी व्यवस्था झाली. टंचाईच्या वर्षात त्यावर मोर्चे निघतात आणि न्यायालयात अर्ज होतात. लेखक दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकवतात आणि अखेरीस तूट एकाच धरणाच्या माथी मारू नये या मताकडे झुकतात. हे झुकणे योग्य वाटते, कारण चढउतार वाटून घेण्याचे तत्त्व राज्याने पहिल्यांदाच आकड्यात आणि तारखेत लिहिले आहे. राज्यांच्या सीमेवर असे लिहिणे आणखी अवघड होते. मुल्लपेरियार धरणाची पातळी १४२ फूट हा आकडा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कायम करावा लागला. अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरच्या वर नेण्याला सांगली-कोल्हापूरचा विरोध २०१९ च्या महापुरानंतर अधिक तीव्र झाला.

पातळीच्या वेगाचाही एक प्रश्न आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे. मातीच्या धरणातले पाणी झपाट्याने उतरवले तर भरावात मुरलेले पाणी तेवढ्या लवकर बाहेर पडत नाही आणि आतल्या बाजूचा उतार घसरतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस धरणात १९८१ मध्ये असेच झाले. इटलीतल्या वायोंत धरणात पातळी वरखाली करत डोंगराची घसरण काबूत ठेवण्याचा प्रयत्न फसला आणि ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री जवळपास दोन हजार माणसे गेली. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या नोंदी तपासल्या. जलाशय किती वेगाने भरतो, किती उंचीवर जातो आणि त्या उंचीवर किती काळ राहतो, यांचा भूकंपांशी संबंध त्यांनी दाखवला. पाटण आणि चिपळूणच्या वाचकाला हे प्रकरण पुस्तकी वाटणार नाही.

कोयनेचा हिशोब तसा आणखी खोल आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची वार्षिक मर्यादा घातली आहे आणि हे वर्ष १ जूनला सुरू होते. वीजगृहांतून गेलेले पाणी कोळकेवाडीच्या छोट्या धरणात थांबते, पुन्हा वीज करते आणि अवजल म्हणून वाशिष्ठीत जाते. कोळकेवाडीची पातळी ऋतूवर चालत नाही, विजेच्या मागणीवर चालते. घाटघरला याचे टोक दिसते. तिथे २५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात वरचे आणि खालचे अशी दोन तळी आहेत. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडायचे. वर्षाचा चढउतार इथे दिवसात आवळला गेला आहे. सौर आणि पवन वीज वाढत असताना सह्याद्रीच्या कड्यांवर असे अनेक प्रकल्प प्रस्तावित आहेत. त्यांच्या काठावर झाड, मासा किंवा माणूस कसा टिकेल याची चर्चा आत्ताच व्हायला हवी, भिंती उभ्या राहिल्यावर नव्हे.

हे पुस्तक याच वेळी येणे आवश्यक होते, त्याला आणखी एक कारण आहे. पाऊस थोड्या दिवसांत जोरात पडून मोठी उघडीप देऊ लागला, तर जुन्या परिचालन सूचींचे गृहीत डळमळते. ऑगस्टमध्ये धरण भरून घ्यावे की पुरासाठी जागा ठेवावी, या प्रश्नात प्रत्येक चूक महाग पडते. लवकर भरले तर खालची गावे बुडतात, जागा ठेवली आणि परतीचा पाऊस रुसला तर उन्हाळा कोरडा जातो. २०१८ मध्ये केरळात इडुक्कीचे दरवाजे सव्वीस वर्षांनी उघडले, तेव्हा हा पेच साऱ्या देशाने पाहिला.

लेखकांनी पुस्तकाची रचना धरणवार न करता प्रश्नवार केली आहे. त्यामुळे खडकवासला आणि हवासू एका प्रकरणात भेटतात, उजनी आणि मीड दुसऱ्यात. सूत्रे कमी आणि आलेख पुष्कळ आहेत. वर्तमानपत्रात येणारा रोजचा साठ्याचा तक्ता कसा वाचावा यासाठी दिलेले प्रकरण शाळा-महाविद्यालयांत जसेच्या तसे शिकवता येईल. लहान पाझर तलाव आणि गावतळी यांना मात्र जागा कमी मिळाली आहे. त्यांच्या पातळीच्या सलग नोंदीच फार थोड्या ठिकाणी ठेवल्या जातात, ही अडचण खरी असली तरी पुढच्या आवृत्तीत तो भाग वाढावा.

पुस्तकाचा सर्वात मोलाचा भाग काठावरच्या माणसांचा आहे. पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर गाळपेर करणारी कुटुंबे आहेत, त्यांत धरणात जमिनी गेलेली कुटुंबेही आहेत. कधी पेरावे आणि पाणी परत कधी चढेल हे त्यांना अंदाजानेच ठरवावे लागते. मासेमारी करणाऱ्या भोई-कोळ्यांची जाळी आणि बोटी पातळीबरोबर जागा बदलत राहतात. गोव्यात साळावलीच्या पाण्याखाली गेलेले कुर्डी हे मोगूबाई कुर्डीकरांचे गाव मे महिन्यात वर येते आणि विस्थापित गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. या सर्वांचे वेळापत्रक परिचालन सूचीवर बेतलेले आहे, पण ती सूची आखताना त्यांना कोणी विचारत नाही. गाळपेरीच्या तारखा आणि माशांच्या विणीचा काळ सूचीत नोंदवावा, आणि ती सूची पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावी, अशी सूचना लेखकांनी केली आहे. जलसंपदा विभागाला ती एखाद्या मध्यम प्रकल्पावर येत्या हंगामातच करून पाहता येईल.